आत्याबाईंची तीन पापं

आत्याबाईंना मिशा असत्या तर त्या काका झाल्या असत्या, आणि काका झाल्या असत्या तर, त्यांच्या स्वतःच्या मते, एव्हाना बिशप तरी झाल्याच असत्या. देवाने मिशा दिल्या नाहीत. म्हणून त्या शर्टाच्या कारखान्यात चेकर झाल्या, आणि रविवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पोरांना पहिल्या पापनिवेदनाला, म्हणजे फादरपुढे आपली पापं कबूल करायला, तयार करू लागल्या. दोन्हीकडे काम एकच, असं त्या म्हणत. आलेला माल उलटा करायचा आणि खोट शोधायची.

कारखान्यात त्यांचं टेबल शेवटच्या ओळीत होतं, डोक्यावर पांढऱ्याफटक दोन ट्यूबलाइट. शर्ट आला की आधी कॉलर, मग खांदा, बाही, कफ, काजं, बटणं, शेवटी खालची दुमड. चुकलेल्या टाक्यावर त्या लाल बाणाची चिकटपट्टी लावत आणि शर्ट ज्या मुलीने शिवला तिच्याकडे फेकत. हातात देत नसत, फेकत. शर्टात काही सापडलं नाही की त्यांचा चेहरा पडे, एखाद्या भुकेल्या माणसापुढून ताट उचलून न्यावं तसा. बाई कामात चोख होत्या, हे त्यांच्या वैऱ्यांनाही नाकारता येत नव्हतं, आणि वैऱ्यांना तोटा नव्हता. मशीनवरच्या मुलींना कधी चांगल्या शिवणीबद्दल शब्द मिळाला नाही. चांगलं शिवण्याचाच पगार मिळतो, त्यात कौतुक कसलं, हे आत्याबाईंचं शास्त्र. देवही तसाच आहे, असं त्यांना मनापासून वाटे. वर मोठं टेबल, मोठे दिवे, आणि चिकटपट्ट्यांचं न संपणारं बंडल.

धर्मशिक्षणाचा वर्ग त्यांच्याकडे आला तो काही गुणांमुळे नव्हे. आधी एक सिस्टर शिकवत. त्यांची बदली झाली. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फादरनी विचारलं, कोण पुढे येईल? सगळ्या बायका आपापल्या चपला शोधू लागल्या आणि आत्याबाईंनी हात वर केला. आयत्या बिळावर नागोबा बसला तो बसलाच. पुढे दोन फादर बदलले, नागोबा बदलला नाही.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. एक मुलगा पापनिवेदनाच्या पेटीत, फादर जाळीआड बसतात त्या पडदा लावलेल्या लाकडी खोक्यात, गेला, घाबरला, त्याला एकही पाप आठवेना, आणि तो रडत बाहेर आला. आयांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या टेबलावरून असा माल कधी गेला नव्हता. दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी तयार पापं द्यायला सुरुवात केली, तीन. मी आईचं ऐकलं नाही. मी भावंडांशी भांडलो. प्रार्थना करताना माझं लक्ष नव्हतं. मुलींनी भांडले म्हणायचं, एवढाच फरक. पाढ्यासारखी घोकून घ्यायची, आधी पंचवीस वेळा एकत्र, मग एकेकट्याने. एका एकुलत्या एक मुलाने शंका काढली की त्याला भावंडंच नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, मग चुलत भावाशी भांड, शनिवारपर्यंत वेळ आहे.

आयांना ही पद्धत फार पसंत पडली. पोर आत जातं, चटकन बाहेर येतं, रडारड नाही, आणि मुख्य म्हणजे घरातलं काही बाहेर जात नाही. ज्या आयांनी पोराला कधी मांडीवर घेऊन "आज कुणाला दुखावलंस का रे?" एवढं विचारलं नव्हतं, त्या आत्याबाईंची तोंड भरून स्तुती करत. मुलाच्या मनात उतरायला मांडी लागते. आत्याबाईंकडे टेबल होतं. फादरही बिचारे काय करणार? ओळीने येणाऱ्या प्रत्येक पोराने त्याच चालीत तीच तीन पापं म्हणायची आणि त्यांनी प्रत्येकाला क्षमा द्यायची. दरवर्षी ते एकदा आत्याबाईंना म्हणत, मुलांना स्वतःचं काही सांगू द्या. आत्याबाई हो म्हणत. त्यांचं हो म्हणजे दाराला लावलेली कडी.

वर्गाचा शेवटचा रविवार तालमीचा असे. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या, मध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर निळा टॉवेल. टॉवेलच्या एका बाजूला गुडघे टेकलेलं पोर, दुसऱ्या बाजूला खुद्द आत्याबाई, फादर म्हणून. आवाज घोगरा काढायच्या आणि क्षमेचे शब्द तेवढे गाळून बाकी सगळं करायच्या. वर्षातला तो एक तास असा होता की त्यांना मिशा नसल्याचं दुःख होत नसे.

त्या वर्षी वर्गात त्यांची भाची होती, सख्ख्या भावाची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण तिला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. आत्याबाई याच भावाकडे राहत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी. खिडकीजवळची कॉट आत्याबाईंची, दाराजवळची त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांची, आणि उरलेल्या जागेत भाऊ, भावजय आणि भिंगरी यांनी कसं मावायचं हे त्यांचं त्यांनी बघायचं. भाऊ विजेची मीटर वाचत गावभर फिरे आणि घरी आला की बहिणीपुढे मूग गिळून बसे. दिवसभर इतक्या घरांचे कुत्रे भुंकून घेत, त्यात हा एक, असा त्याचा हिशेब असावा. भावजय कमी बोले. कमी बोलणाऱ्या बाईला आत्याबाई मंद समजत.

म्हाताऱ्याला ऐकू कमी येई. कानात मशीन होतं, त्यात शर्टाच्या बटणाएवढा सेल. आत्याबाईंनी घरात फर्मान काढलं की रोज संध्याकाळी भिंगरीने धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं आजोबांना म्हणून दाखवायची. दिवसभर खोट काढून त्या दमत, म्हणून घरच्या मालाला त्यांनी हा मदतनीस नेमला होता. आजोबा मायाळू होते, पण एक शब्द चुकला की "परत" म्हणायचे. बाहेर मैत्रिणी दोरीवरच्या उड्या मारत आणि भिंगरी आत "परत, परत" ऐकत बसे.

एके संध्याकाळी आजोबा तोंड धुवायला गेले होते आणि मशीन उशीवर होतं. भिंगरीने सेल काढला, उलटा घातला आणि झाकण लावलं. मग ती समोर बसली आणि प्रश्नोत्तरांऐवजी शाळेच्या बसचे थांबे म्हणू लागली. दवाखाना, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, पेट्रोल पंप. आजोबांना काही ऐकू आलं नाही. पण नातीला तसं सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांनी मान डोलावली. शाबास म्हणाले. भिंगरी उड्या मारायला पळाली.

हे रोज चालू झालं. घरात कुणी सेल बदलला की ती पुन्हा उलटा करी. भाऊ म्हणाला, वय झालं, आता मशीनचाही उपयोग नाही. म्हाताऱ्यालाही तेच पटलं. एक दिवस त्यांनी मशीन डबीत ठेवून दिलं आणि डबी कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंगरीचा हात पोचणार नाही अशी. मग ते जेवताना सगळ्यांबरोबर बसेनासे झाले. सगळ्यांची तोंडं हलताना नुसती बघत बसायची, त्यापेक्षा आधीच जेवून घेतलेलं बरं, असं त्यांनी सुनेला सांगितलं. मिस्सेला जाणंही सोडलं. प्रवचन ऐकू येत नाही, नुसतं उठबस करायला कशाला जाऊ, म्हणाले. भिंगरीचा डाव फसावा तसं झालं. आता तिला उलटा करायला सेलही नव्हता आणि सुलटा करायलाही नव्हता. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले दिसले की ती दारातूनच मागे फिरे. सांगायचं कुणाला? बापाला सांगितलं तर मार, आईला सांगितलं तर आई रडणार, आत्याला सांगितलं तर... तो विचार तिने अर्ध्यातच सोडून दिला होता.

हे एका आठ वर्षांच्या मुलीचं खरं पाप होतं. तिचं स्वतःचं, तिच्या मापाचं, आणि त्याचा खरा पश्चात्तापही तिच्या पोटात होता. सगळ्या वर्गात अशी तयार मुलगी दुसरी नव्हती. आत्याबाईंना याचा पत्ता नव्हता. टाका कुठे सुटला ते त्यांना अंधारातही दिसे, पण मूल कुठे दुखतंय ते दोन ट्यूबलाइट लावूनही दिसत नसे.

तालमीच्या रविवारी भिंगरीची पाळी आली. ती टॉवेलसमोर गुडघे टेकून बसली. पलीकडून घोगरा आवाज आला, "बोल, बाळ." त्या आवाजात आत्याबाई रोजच्यापेक्षा पुष्कळ प्रेमळ वाटत. तिथेच ती फसली. तिने क्रूसाची खूण केली, आशीर्वाद मागितला, हे माझं पहिलं पापनिवेदन आहे म्हणाली. मग सेलची, थांब्यांची, डबीची, भिंतीकडच्या तोंडाची सगळी हकिकत हळू आवाजात सांगून टाकली.

टॉवेल वर उचलला गेला आणि त्याखालून आत्याबाईंचं डोकं बाहेर आलं.

"हे कुठून काढलंस? तीन कोणती सांगितली होती?"

"ती माझी नाहीत," भिंगरी म्हणाली.

आत्याबाईंनी तिला ओळीच्या शेवटी उभं केलं. उरलेल्या पोरांनी तीन तीन पापं घडाघडा म्हटली आणि तालीम पार पडली.

आता देवाने ज्या माणसाच्या जिभेला लगाम घातला आहे त्यानेच दुसऱ्याचं पाप ऐकावं, एवढी साधी गोष्ट. फादर लोक मरतील पण पेटीतलं बाहेर काढणार नाहीत, हे आत्याबाई स्वतः वर्गात शिकवत, आणि चांगलं शिकवत. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. चर्चमधून घरी यायला जेवढा वेळ लागला तेवढाच काय तो भिजला. ताटं मांडली जात होती. त्या दिवशी सुनेने आग्रह करून म्हाताऱ्यालाही पंगतीला बसवलं होतं. आत्याबाईंनी भाताचा पहिला घास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. खोट सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

भाऊ आधी हसला. पिठाची गिरणी, पेट्रोल पंप ऐकून त्याला राहवेना. मग आपण बाप आहोत हे आठवून तो मुलीवर ओरडला. भावजय हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. म्हाताऱ्याला नुसती तोंडं दिसत होती. काय झालं, काय झालं, ते विचारू लागले. तेव्हा आत्याबाई उठल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि एकेक शब्द सुटा करून असा ओरडल्या की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. तुमच्या. लाडक्या. नातीने. सेल. उलटा. घातला.

म्हाताऱ्याने भिंगरीकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं. हात धुतले आणि कॉटवर जाऊन बसले.

भावजयीने कपाटातली डबी काढली, सेल सुलटा केला आणि मशीन सासऱ्यांच्या कानात घातलं. त्यांना ऐकू येऊ लागलं. पण आजोबांसमोर जाऊन "मी चुकले" म्हणायचं ते भिंगरीने. ते तिच्या मनात किती दिवस तयार होतं. तिच्या तोंडचा तो घास आत्याबाईंनी पळवला होता आणि वर भात वाढून घेतला होता. भिंगरी गॅलरीत जाऊन बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून राहिली.

त्याच संध्याकाळी तिने आईला सांगितलं की ती शनिवारी पापनिवेदनाला जाणार नाही. आईने कारण विचारलं. आत्याने सगळ्यांना सांगितलं, फादरपण सांगतील, असं भिंगरीचं म्हणणं. आई म्हणाली, फादर नाही गं सांगत कधी. भिंगरी म्हणाली, आत्यापण म्हणाली होती सांगत नाहीत म्हणून.

आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी नाक मुरडलं. पोरीची थेरं आहेत, बुधवारपर्यंत उतरतील. बुधवारी उतरली नाहीत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हिशेब मांडला. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गातलं एकही पोर पेटीबाहेर राहिलं नव्हतं. याच एका गोष्टीवर त्यांची सगळी ऐट उभी होती. आणि आता राहणार कोण, तर घरची पोर. शनिवारी सगळ्या आया बाकांवर बसणार, सगळी पोरं आत जाऊन येणार, आणि मास्तरणीची भाची खाली मान घालून बसणार. मग आया विचारणार, का हो? आणि मग कळणार का ते. फादर तर वाटच बघत असतील. वर्ग गेला तर रविवारी करायचं काय? कारखान्याला रविवारी सुट्टी असते. खोट काढायला आठवड्याचा एक दिवस मोकळा राहिला, तर आत्याबाईंना स्वतःबरोबर बसावं लागलं असतं, आणि ती सोबत त्यांनी कधी केली नव्हती.

त्यांनी मुलीला धाक घातला. देव रागावेल म्हणाल्या. मग नवी केसांची क्लिप आणली. भिंगरीने क्लिप घेतली, केसांत लावली आणि नाही म्हणाली. मग आत्याबाईंनी शास्त्र काढलं. ती तालीम होती, खरं पापनिवेदन नव्हतं, मी काही फादर नाही, मला गुप्ततेचा नियम लागू नाही. नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भावजय पोळपाट पुसत होती. ती वर न बघता म्हणाली, "ताई, चोरी तालमीत केली तरी वस्तू जाते ना?"

आत्याबाई थक्क झाल्या. मंद बाई बोलली होती.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर भिंगरी आपणहून आत्याच्या कॉटजवळ आली. तिची एक अट होती.

"आधी तू जा. तुझं खरं काहीतरी सांग. तीनातलं नको. मग मी जाईन."

"मी लहान आहे का गं पहिल्यांदा जायला?"

"तू कॉटवर बसून सगळ्यांची सांगतेस. एकदा तुझं सांग."

भावाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मागून हसू दाबल्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्याच्या कानात मशीन होतं आणि ते आढ्याकडे बघत होते. आत्याबाईंनी घरभर नजर फिरवली. एकही माणूस त्यांच्या बाजूने उभं राहायला तयार नव्हतं. बरं, म्हणाल्या. त्यात काय मोठं.

मोठं काय होतं ते त्यांना अंथरुणावर पडल्यावर समजलं. आत्याबाई दर महिन्याला पापनिवेदनाला जात. चुकवत नसत. आणि दर महिन्याला सांगत ती तीन पापंच सांगत. आईचं ऐकलं नाही. भावंडांशी भांडले. प्रार्थना करताना लक्ष नव्हतं. स्वतःच्या लहानपणी घोकलेली तीच. मुलांना दिली ती काही नवीन शोधून दिली नव्हती. आपल्याच जुन्या कपड्यांतून कापून दिली होती. आई जाऊन किती वर्षं झाली होती, तरी आत्याबाई अजून तिचं ऐकत नव्हत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ वेचून वेचून हातांना घट्टे पडले, पण आपल्या डोळ्यातल्या मुसळाचा त्यांनी आजवर बसायचा पाट केला होता.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये पोरं धुतलेल्या चेहऱ्यांनी ओळीत बसली होती. आया मागच्या बाकांवर. फादर पेटीत जाऊन बसले. भिंगरी ओळीच्या टोकाला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. सगळ्यांना वाटलं मास्तरीणबाई पहिलं पोर पुढे ढकलणार. त्याऐवजी मास्तरीणबाईच आत गेल्या. एका आईने दुसरीला कोपर मारलं. काय हो भक्ती, म्हणाली.

आत काय झालं ते फादर कधी कुणाला सांगणार नाहीत. पण आत्याबाईंनीच ते चार दिवसांत कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, आपल्याला सोयीचं करून. ती सोय वजा केली तर उरतं ते असं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि सवयीने जीभ सैल सुटली. आईचं ऐकलं नाही, भावंडांशी भांडले, लक्ष नव्हतं. फादर म्हणाले, आणखी? त्यांनी हे याआधी कधी विचारलं नव्हतं. आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि सांगायला घेतलं. भावजय उलट बोलायला लागली आहे. भाऊ बुळा आहे. कारखान्यातली काजं करणारी मुलगी कामात चोर आहे. भाचीने तर म्हाताऱ्याच्या मशीनचा...

"थांबा," फादर म्हणाले. "हे तुमचं नाही. जिचं आहे ती बाहेर बसली असेल, ती सांगेल. तुम्ही तुमचं सांगा, बाई."

आत्याबाई आपलं आयुष्य उलटं करून बघत होत्या, कॉलर, खांदा, बाही, आणि एका जागी हात लावायचं टाळत होत्या. कारण चिकटपट्टी लागायचं ठिकाण एकच होतं आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं. शेवटी त्या म्हणाल्या की मुलीने विश्वासाने सांगितलेलं त्यांनी जेवताना सगळ्यांना सांगितलं. पण ती तालीम होती.

"पण काढून टाका," फादर म्हणाले.

आत्याबाईंनी पण काढला. तो निघताना त्यांना किती दुखलं ते देवाला माहीत. हे त्यांनी पश्चात्तापाने केलं असं मानायला मी तयार नाही. बाहेर आया बसल्या होत्या आणि पोर आत जायला हवी होती, म्हणून केलं. देव दयाळू आहे. तो असलाही माल परत फेकत नाही. फादरनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून एकच गोष्ट सांगितली. मुलीला जाऊन सांगा.

त्या बाहेर आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं. आयांनी ते भक्तीच्या खात्यावर लिहिलं. आत्याबाई भिंगरीच्या शेजारी बसल्या, समोर वेदीकडे बघत, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "चुकलं."

"काय चुकलं?"

वर्गात त्यांनीच शिकवलं होतं, नुसतं चुकलं म्हणायचं नाही, काय चुकलं ते म्हणायचं. मागच्या बाकावर दोन आया प्रार्थनेची पुस्तकं उघडी धरून कान टवकारून बसल्या होत्या. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं आणि दात ओठ खात म्हणाल्या, "तू मला सांगितलेलं मी सगळ्यांत सांगितलं. आजोबांना तुला सांगू दिलं नाही. ते चुकलं."

भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. आजवर त्या घरात कुणाची तपासणी करायची ती आत्याबाईंनी. काय दिसलं कोण जाणे, पण हात मांड्यांखालून काढून ती उठली आणि पेटीकडे गेली.

ती आत पुष्कळ वेळ होती. तीन पापांना लागतो त्याच्या कितीतरी पट. ओळीतली पोरं चुळबुळू लागली. आत्याबाई बाकाच्या कडेला सरकल्या, मग आणखी सरकल्या. आपल्याबद्दल काय काय सांगत असेल कार्टी, या विचाराने त्यांना घाम फुटला होता. शेवटी पडदा हलला. भिंगरी बाहेर आली. डोळे ओले होते, पण चालणं पुन्हा तिचं भिंगरीचं झालं होतं. ती आजोबांच्या बाकाकडे निघाली. त्या दिवशी आजोबा आले होते, शेवटून दुसऱ्या बाकावर. वाटेत आत्याबाईंनी तिचा फ्रॉक धरला आणि कुजबुजल्या, "काय म्हणाले फादर? एवढा वेळ कशाला लागला?"

भिंगरीने फ्रॉक सोडवून घेतला आणि पुढे गेली.

सुंभ जळतो, पीळ जात नाही. आत्याबाईंनी क्षणभर तिच्या पाठीकडे पाहिलं, मग पुढच्या मुलाला मानगुटीला धरून उभं केलं. "हात नीट जोड," म्हणाल्या. "आणि तीन लक्षात आहेत ना?"